तेलकट चेहरा, मुरुमं आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड

प्रश्न : माझा चेहरा तेलकट आहे, नाकावर आणि हनुवटीवर ब्लॅकहेड्स आहेत. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश दिवसातून दोनदा, त्याच अ‍ॅसिडचं टोनर आणि रात्री २ टक्क्यांचं सिरम, असं तिन्ही एकदम सुरू केलं. दोन आठवड्यांत नाकाच्या कडेची सालं निघायला लागली, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. तेल मात्र येतंच आहे. मला हे अ‍ॅसिड सोसत नाही का?

उत्तर : अ‍ॅसिड सोसत नाही असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, कारण तुम्ही एकच औषध तीन बाटल्यांतून लावत आहात. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, म्हणून ते रंध्रात उतरतं आणि तिथे तेल व मृत पेशींचा जो घट्ट बूच बसलेला असतो तो सैल करतं. तेल बनवणारी ग्रंथी मात्र ते बंद करत नाही. त्यामुळे चेहरा दुपारी पुन्हा चमकला म्हणजे अ‍ॅसिड कमी पडलं असं मानून ते वाढवू नका. बहुतेकांची त्वचा इथेच बिघडते.

आधी तिन्ही बंद करा. सौम्य फेसवॉश, सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) किंवा ग्लिसरिन असलेलं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, बस. चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत हेच चालू द्या. एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्तही.

मग फक्त सिरम घ्या. फेसवॉश मिनिटभरात धुतला जातो, ब्लॅकहेड्ससाठी चेहऱ्यावर राहणारं उत्पादन अधिक उपयोगी. आठवड्यातून दोनच रात्री लावा. चेहरा धुऊन टिपा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेवर आग जास्त होते. नाकपुडीच्या खाचा आणि ओठांचे कोपरे इथे आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, म्हणजे सिरम तिथे साचणार नाही. तीन-चार थेंब नाक, कपाळ, हनुवटीवर पातळ पसरवा. नुसत्या पुळीवर ठिपका देऊन नव्या पुळ्या थांबत नाहीत. वरून मॉइश्चरायझर. दोन आठवडे काही त्रास झाला नाही तर एक रात्रआड करा. तेवढं बऱ्याच जणांना पुरतं.

त्याच रात्री रेटिनॉल, अ‍ॅडापालिन (दोन्ही अ जीवनसत्त्वाच्या गटातली), मृत त्वचा काढणारं ग्लायकोलिक अ‍ॅसिड किंवा स्क्रब नको. नियासिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) चालतं. दिवसा किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच, नाहीतर मुरुमांचे काळे डाग जास्त दिवस रेंगाळतात.

प्रश्न : सिरम लावून तीन आठवडे झाले, पुळ्या उलट वाढल्या. थांबवू का?

उत्तर : कुठे आल्या ते पाहा. नेहमीच्याच जागी बारीक पुळ्या येऊन लवकर बसत असतील, तर आत तयार होत असलेलेच मुरूम वर येत असावेत. हे साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरतं. एरवी जिथे मुरूम येत नाही तिथे पुरळ, खाज, लाली किंवा सूज असेल तर ते सिरम त्वचेला मानवत नाही, बंद करा. एकाच आकाराच्या खाजऱ्या बारीक पुळ्या कपाळभर उठल्या असतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याचा उपचार वेगळा. फरक पडतोय का याचा निकाल मात्र आठ ते बारा आठवड्यांआधी लावू नका.

प्रश्न : अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या कुटून लेप लावला तर तेच काम होतं ना?

उत्तर : नाही. अ‍ॅस्पिरिन म्हणजे अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक अ‍ॅसिड, हे वेगळं संयुग आहे. लेपात प्रमाण कळत नाही, आणि गोळीचे कण आधीच सुजलेल्या मुरुमांवर घासले जातात. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर तयार सिरमही डॉक्टरांना विचारूनच लावावं.

प्रश्न : जबड्यावर खोल, दुखऱ्या गाठी येतात. २ टक्क्यांनी जात नाहीत, म्हणून ३० टक्क्यांचं पील (तीव्र अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं) घरी करू का?

उत्तर : अजिबात नको. २० ते ३० टक्क्यांची पील्स प्रशिक्षित हातांनीच करायची असतात. घरी भाजून डाग पडतात. शिवाय खोल गाठींपर्यंत हे अ‍ॅसिड पुरेसं पोचत नाही. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडून गोळ्या किंवा दुसरी औषधं लागतात, आणि उशीर केला तर खड्डे कायमचे राहू शकतात. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, संप्रेरकांची तपासणी लागू शकते. गरोदर असाल तर पील टाळाच. मुरुमांवर काय लावायचं ते डॉक्टरांना विचारा, त्या काळात अझेलाइक अ‍ॅसिड सहसा चालतं.