जुनी ऑफ-रोड बाईक देऊन नवीन घ्यावी का, डिझाईनमध्ये खरंच फरक पडलाय का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की तुमच्याकडे हिरोची जुनी एक्सपल्स २०० आहे, राहता नागपूरला, सुट्टीच्या दिवशी आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर फिरता, अन् आता ही जी नवीन ऑफ-रोड गाड्यांची रेंज आलीय त्यात डिझाईन खरंच सुधारलंय का नुसता स्क्रीन मोठा करून पैसे घेऊन राहिले. सुधारलंय, चांगलं सुधारलंय. पण ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात छापलंय तिथे नाही, आणि एकदोन बाबतीत आपल्या इकडच्या मातीला जुनंच बरं होतं असं माझं मत आहे, का ते सविस्तर सांगतो.

मी ठिबकच्या कामात आहे. आठवड्यातले पाच दिवस काटोल, नरखेड, कळमेश्वर, मोहपा या पट्ट्यात संत्र्याच्या बगीच्यांत जाणं असतं, गावापर्यंत डांबरी, गाव सुटलं की पांदण, पांदण संपली की धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधाने. त्यामुळे मला गाडी कशी दिसते, रील मध्ये कशी उडते याच्याशी काही घेणंदेणं नाही, ती पांदणीत उभ्याने चालवता येते का आणि आडवी पडली तर तिथून स्वतःच्या चाकावर घरी येते का एवढंच मी बघतो.

पहिले मडगार्डचं सांगतो कारण याबद्दल कोणी बोलतच नाही. माझी पहिली गाडी साधी १०० सीसीची होती, पुढचा मडगार्ड टायरला लागून, मधे जेमतेम बोटभर जागा. जुलैत एका बगीच्यात जायला निघालो, रात्री पाऊस झालेला, पांदणीत शंभरेक फूट गेलो असेन तर पुढचं चाक फिरणंच बंद. आपली काळी माती कशी आहे तुम्हाला माहीतच आहे, ती टायरवर थर देत देत चढते आणि मडगार्डच्या आत घट्ट बसते, वरून गवत आणि काड्या मिसळल्या की सिमेंटच. धुऱ्यावर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग होता, त्यातली काडी घेऊन कोरत बसलो, वीस पावलं पुढे गेलो की परत जाम. शेवटी १० नंबरच्या पान्याने मडगार्डच खोलला, मागच्या सीटवर दोरीने बांधला अन् तसाच काम करून घरी आलो, तोंडापासून पोटापर्यंत नुसता चिखल. ऑफ-रोड गाडीचा पुढचा मडगार्ड टायरपासून वितभर वर काहून असतो ते मला त्या दिवशी कळलं. तुमच्या एक्सपल्सला तो पहिल्यापासून उंच आहे. काही ॲडव्हेंचर गाड्यांना मात्र वर चोच आणि खाली टायरला लागून दुसरा मडगार्ड असे दोन असतात, रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयनला तसंच होतं, हायवेला ते चांगलं कारण इंजिनवर खडे अन् चिखल उडत नाही, पण काळ्या मातीत तो खालचा काढून ठेवावा लागतो. शोरूममध्ये गेलात तर पहिले खाली बसून ही जागा बघा, तीन बोटं आरामात गेली पाहिजेत.

आता मोठ्या बदलांवर येतो. तुमच्या गाडीची पुढची पिढी म्हणजे एक्सपल्स २१०, जानेवारी २०२५ मध्ये आली. तुमच्या गाडीला सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वरखाली किती हलू शकतं ते) पुढे १९० आणि मागे १७० मिमी, नवीनला पुढे २१० आणि मागे २०५. पुढचं २० मिमी सोडा, खरा फरक मागच्या ३५ मिमीचा आहे. पांदणीत बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या की मागचं चाक आपटतं, तो आपट जुन्या गाडीत कमरेत येतो, हे तुम्हालाही जाणवलं असेलच, तोच नव्यात बराचसा खालीच जिरतो. मी टेस्ट राईड मुद्दाम कच्च्या पॅचवर घेतली, सेल्सवाला पोरगा नको म्हणत होता, त्याला म्हटलं बाबा डांबरावर तर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात.

पण याच गाडीचं वजनही १० किलोच्या आसपास वाढलंय, १५८-१५९ वरून १६८-१७० वर. लिक्विड कूलिंग (इंजिन वाऱ्याऐवजी द्रवाने थंड करणं) आलं की रेडिएटर, पंखा, पाईप, कूलंट हे सगळं आलंच. दहा किलो चालवताना कळत नाही, पण भर दुपारी बगीच्याच्या मेरेवर एकट्याने गाडी उचलायची वेळ आली की कळतं.

याच्या उलट हिमालयन बघा. २०१६ ची ४११ आणि नोव्हेंबर २०२३ ची ४५०, दोन्हीचं वजन कागदावर जवळपास तेवढंच, शेवटच्या ४११ चं १९९ आणि ४५० चं १९६. पण ताकद साडेचोवीस पीएस वरून ४० पीएस, पाच गिअरचे सहा गिअर, ग्राउंड क्लिअरन्स २२० चं २३०, टाकी १५ लिटरची १७. म्हणजे वजन तेच ठेवून सगळं वाढवलं, मला हे खरं इंजिनिअरिंग वाटतं. जुन्यात इंजिनच्या खालून फ्रेमच्या नळ्या जातात, इंजिन पाळण्यात ठेवल्यासारखं, नव्यात इंजिनच फ्रेमचा भाग बनून भार घेतं त्यामुळे खालच्या नळ्यांची गरज नाही. शिवाय फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) ४१ मिमी च्या साध्याऐवजी ४३ मिमी चे उलटे, म्हणजे जाड नळी वर, जिथे हँडलचा क्लॅम्प पकडतो तिथे. ब्रेक दाबला किंवा दगडावर चाक गेलं की सगळ्यात जास्त पिळ तिथेच पडतो, म्हणून तिथे जाड नळी हवी, एवढं साधं कारण आहे, लोक उगाच त्याला शोभेची वस्तू समजतात.

माझ्या साडभाऊकडे पहिले ४११ होती, आता ४५० आहे, दोन्ही मी भरपूर चालवल्यात. वळवताना, उभ्याने चालवताना ४५० कमी वजनाची भासते, पण थांबलेली असताना १९६ किलो ते १९६ किलोच. मागच्या पावसाळ्यात कोंढाळीकडच्या एका नाल्यावर रपटा (पाणी वरून वाहून जातं असा ठेंगणा पूल) होता, वरून फक्त घोटाभर पाणी, पण खाली शेवाळ. साडभाऊ मधोमध थांबला, पाय टेकवला, पाय सरकला अन् गाडी हळूच आडवी. त्याने क्रॅश गार्ड आणि हँडगार्ड लावलेले होते म्हणून लिव्हर वाचला, रेडिएटर वाचला, पण उचलायला आम्ही दोघं अन् शेतातून आलेला एक काका असे तिघं लागलो, आणि त्या शेवाळावर आमचेच पाय टिकत नव्हते. तुम्ही एकटे फिरत असाल तर वजनाचा आकडा नुसता वाचू नका, शोरूममध्ये त्यांना सांगून गाडी एका बाजूला पंचेचाळीस डिग्री झुकवून परत सरळ करून बघा. जमलं तर पुढचं बोलू.

आता गरमीचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अशात पहिल्या गिअरमध्ये धुऱ्याने अर्धा तास गाडी चालवली तर एअर-कूल्ड इंजिनला वाराच मिळत नाही, कारण स्पीडच नसतो. माझी सध्याची गाडी एअर-कूल्ड आहे, दुपारी दर वीस मिनिटांनी तिला झाडाखाली उभी करावी लागते, नाहीतर क्लच वेगळाच वागायला लागतो. इथे लिक्विड कूलिंग म्हणजे सोन्यासारखं, पंखा सुरू होतो अन् टेम्परेचर धरून ठेवतो. सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये मात्र तोच पंखा गरम हवा पायावर फेकतो, ती तयारी ठेवा. आणि काळ्या मातीचा चिखल रेडिएटरच्या जाळीत बसला की अर्धा फायदा गेला. साडभाऊ रोज संध्याकाळी मागच्या बाजूने साध्या पाईपने पाणी मारतो, प्रेशर वॉशर लावत नाही कारण त्याने ती पातळ पाती वाकतात. रेडिएटर धुण्याचं हे काम तुमच्या सध्याच्या गाडीला नाही, नवीन घेतली तर ते तुमच्या मागे लागणार.

इंजिनच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. ४११ चं इंजिन लांब स्ट्रोकचं, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७८ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८६ मिमी, टॉर्क म्हणजे ओढायची ताकद ३२ एनएम पण तो ४०००-४५०० आरपीएमलाच मिळतो, चिखलात क्लच सोडला की बैलासारखी ओढत निघते. ४५० चं बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, टॉर्क ४० एनएम पण ५५०० ला. एक्सपल्समध्येही तेच, ४व्ही चा (२०० चंच चार व्हॉल्व्हवालं मॉडेल) साधारण १७ एनएम ६५०० ला यायचा, २१० चा २०.७ येतो पण ७२५० ला. म्हणजे नवीन गाड्यांना थोडं जास्त फिरवावं लागतं. समृद्धीवर तर दुचाकी जाऊच देत नाहीत पण जबलपूर रोडने मनसर, देवलापारकडे जाताना हे नवीन इंजिन इतकं निवांत पळतं की जुनीवर परत बसावंसं वाटत नाही, ओव्हरटेक करायला हिशोब करावा लागत नाही. पण गुडघाभर चिखलात एकदम हळू, चालण्याच्या स्पीडने जायचं असेल तर मला अजून ४११ च आवडते, साडभाऊ मान्य करत नाही तो भाग वेगळा.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचं, लक्षात घ्या कारण यात जीवाचा प्रश्न आहे. सुट्ट्या खड्यांवर उतार उतरताना एबीएस मागचं चाक धरूच देत नाही, गाडी थांबायच्या ऐवजी घरंगळत जाते, अन् माणूस घाबरून पुढचा ब्रेक दाबतो. तुमच्या जुन्या गाडीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं तुम्ही मोकळं लॉक करू शकता, त्यामुळे हा त्रास तुम्हाला झालाच नसेल. दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी घ्याल तेव्हा मागचा बंद करता येतो का हे पक्कं विचारा. ४५० ला येतो. २०२३ च्या एक्सपल्स ४व्ही ला रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन मोड दिले, रॅलीमध्ये एबीएस पूर्ण बंद, आणि मला ही स्क्रीनपेक्षा शंभरपट मोठी सुधारणा वाटते. किल्ली बंद करून परत चालू केली की मोड तसाच राहतो का पहिल्यावर येतो, हेही तिथेच दोनदा करून बघा.

चाकांवर जास्त लिहीत नाही. पुढे २१ इंच पाहिजेच, मोठं चाक दगडाला किंवा खड्ड्याच्या काठाला कमी उभ्या कोनात भिडतं म्हणून चढून जातं, लहान चाक धडकतं. केटीएमने २०२० ची ३९० ॲडव्हेंचर पुढे १९ इंच आणि अलॉय देऊन काढली होती, २०२५ च्या नवीनला पुढे २१ इंचाचं तारांचं चाक दिलं अन् १९ इंचवाली एक्स म्हणून वेगळी ठेवली, ट्रॅव्हलही पुढे १७० चा २०० केला. आपल्या भागात दुसरा शत्रू बाभळीचा काटा. ट्यूबचं चाक असेल तर धुऱ्यावर चाक खोलून, टायर उतरवून पंक्चर काढायचं, मी केलंय, दीड तास गेला अन् हाताची सालं निघाली. तारांचं असूनही ट्यूबलेस असं चाक आता ४५० ला ऑप्शन म्हणून मिळतं, पैसे असतील तर ते आधी घ्या, पेटी-बिटी नंतर बघता येते.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा. तुम्ही महिन्यातून दोनदा रामटेक, खिंडसी, उमरेडकडे फिरायला जात असाल आणि एक्सपल्स अजून धड असेल, तर आत्ता एक्सचेंज नका करू. पुढचा फोर्क खोलून सील आणि तेल बदला, मागचा स्प्रिंग प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ठेवायची ते) तुमच्या वजनाप्रमाणे सेट करा, चांगले नॉबी (मोठ्या गुठळ्यांचे) टायर टाका, चार-पाच हजारांत तर नाही पण नवीन गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या खर्चात नक्की होईल. लांब जायचं असेल, पचमढीपर्यंत मागे कोणी बसवून, तर मात्र ४५० किंवा ३९० बघा, २०० ला तिथे दम लागतो. आणि एकटे राहून कच्च्या रस्त्यावरच जास्त चालवणार असाल तर २१०, वाढलेल्या दहा किलोसकट.

एक लिहायचं राहिलं तुमच्याकडून, उंची किती? तुमच्या गाडीची सीट ८२३ मिमी, २१० ची ८३०, ४५० ची ८२५ आणि ८४५ अशी दोन प्रकारे बसते, आणि २०२३ ची ४व्ही प्रो कोणाची स्वस्तात मिळत असेल तर तिची ८९१ आहे, पाच फूट सहा इंचाच्या माणसाचे पांदणीत पाय टेकत नाहीत. उंची सांगा, मग नक्की सांगतो.