आधी डोंगर, मग द्राक्ष

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीच्या आठ जणी, एकाच भिशीतल्या. वयं 42 ते 61. फेब्रुवारीत दोन रात्री नाशिकला जायचं ठरतंय. अर्ध्या जणींना ट्रेक हवाय, अर्ध्यांना वायनरी. दोघी वाईनला शिवणारही नाहीत, एकीचे गुडघे कुरकुरतात, आणि एकीला घरी 'वाईन' म्हणायचीसुद्धा चोरी. धाकट्यांचा हट्ट हरिहर गडाचा आहे. एकाच दिवसात दोन्ही बसेल का? — स. प.

बसेल. पण पहाटे डोंगर, दुपारी पोटभर जेवण आणि चारच्या पुढे वायनरी, हाच क्रम. उलटा कधीच नाही. 'सकाळी एखादा ग्लास घेऊन चढलं तर काय बिघडतं?' असं मला दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. बिघडतं ते उतरताना. दारूनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, तोल जातो, आणि घसाऱ्याच्या वाटेवर पाय कुठे टाकायचा हे ठरवायला जेवढं डोकं लागतं तेवढं जाग्यावर राहत नाही. बाटली सॅकमध्ये घालून वर नेणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. आमच्या नाशिककडच्या बहुतेक डोंगरांवर देवस्थान आहे. गावकऱ्यांना ते आवडत नाही आणि आवडूही नये.

हरिहर यादीतून काढा. शिडीसारख्या उभ्या त्या कातळपायऱ्या फोटोत झकास दिसतात. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद पट्ट्यावर समोरासमोर येतात आणि खोबणीत बोटं रुतवून ताटकळावं लागतं. गुडघेवाल्या मैत्रिणीला तुम्ही खाली गाडीत बसवून ठेवणार का? मग ती सहल सात जणींची झाली.

तुमच्यासाठी अंजनेरी. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी गाव लागतं, तिथून वळून गाडी बऱ्यापैकी वर जाते. पुढे खिंडीतून पायऱ्या आहेत, वाटेत कातळात कोरलेली जैन लेणी दिसतात, आणि दमछाक व्हायच्या बेतात एकदम मोकळं पठार लागतं. तिथे अंजनीमातेचं मंदिर आहे, थोडं पुढे तळं. मला हा डोंगर गटासाठी आवडतो तो यासाठीच. ज्यांना थांबायचंय त्या पठारावर थांबतात आणि तरी त्या 'वर आलेल्या'च असतात. बाकीच्यांनी सीतागुंफेवरून दुसरा टप्पा चढून माथ्यावरच्या मंदिरापर्यंत जावं. थांबणाऱ्यांजवळ एक तरी जोडीदार ठेवा, आणि डबे बंद ठेवा. माकडं तुमची वाट बघत असतात.

सहा वाजता चढायला लागा. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि अकराला ऊन भाजून काढतं, पठारावर सावली जवळजवळ नाही. प्रत्येकीकडे दोन लिटर पाणी हवं, 'मी हिच्यातलं पिईन' चालणार नाही. चढायच्या आधी नाशिकची झणझणीत मिसळ नको, ती दुसऱ्या दिवशी. पोहे खा, केळं खा. बूट जुनेच घाला. खाली आल्यावर अंगात जीव असेल तर गावातले यादवकाळातल्या मंदिरांचे अवशेष बघा. नाण्यांचं संग्रहालयही जवळच आहे, पण घामेजलेल्या अंगानं तिथे जावंसं कुणालाच वाटत नाही.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. उतरल्यावर गुडघे दुखतात, मग कुणीतरी पर्समधून वेदनाशामक गोळी काढतं आणि ती सगळ्यांत वाटली जाते. ज्या दिवशी ती गोळी, त्या दिवशी वाईन नाही. रिकाम्या पोटी दोन्ही एकत्र गेलं तर पोटाचे हाल होतात. बीपी किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, वायनरीतल्या पोराला नव्हे.

त्र्यंबक रस्त्यावर पिठलं-भाकरी जेवा, खोलीवर आंघोळ करा, तासभर पडा. मग गंगापूर धरणाच्या बाजूला या. सुला, यॉर्क, सोमा तिकडेच आहेत. त्यातली एकच निवडा. तीन-तीन वायनऱ्या 'करणारे' गट मी पाहते, तिसऱ्या ठिकाणी त्यांना शिराजची लाल वाईन काय आणि सरबत काय. टेस्टिंगची वेळ आधी फोनवर ठरवा, शनिवारी ऐनवेळी जाऊन उभं राहू नका.

फेब्रुवारी निवडलात हे उत्तम केलंत. माझ्या सासऱ्यांची दिंडोरीला खायच्या द्राक्षांची बाग होती, थॉमसनची, त्यामुळे हंगाम मला घरातूनच कळायचा. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एकदा एप्रिलच्या सुमारास आणि एकदा पाऊस सरता सरता. कोरडे दिवस आणि थंड रात्री यांत घड पिकतो आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. युरोपात हेच काम सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे तुम्हाला नुसत्या टाक्या दाखवणार नाहीत, क्रेट भरभरून येताना दिसतील. वाईनचं द्राक्ष चाखायला मागा. लहान, जाड सालीचं, बियांचं आणि बाजारातल्यापेक्षा गोड. रेड वाईनचा रंग त्या सालीतून येतो, गर बहुतेक जातींचा फिकाच असतो. मात्र बागेतला घड आपल्या हातानं तोडू नका. त्यावर फवारणी कधी झालीय ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि तो कुणाच्या तरी कष्टाचा माल आहे.

टेस्टिंगमध्ये घोट-घोटच देतात. आधी फसफसणारी, मग पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड. शेनिन ब्लां ही पांढरी वाईन आवडली आणि लाल वाईन तोंडात तुरट लागली तर लाजू नका, पहिल्यांदा बहुतेकींचं तेच होतं. नको असलेला घोट ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. पैसे दिलेत म्हणून संपवायलाच हवं असं नाही, ही काही पंगत नव्हे.

न पिणाऱ्या दोघींना 'घे गं थोडीशी' करायचं नाही, एकदाही नाही. त्यांनी बागेची आणि कारखान्याची फेरी मारावी, वास घ्यावेत. नाकानं त्या तुमच्यापेक्षा जास्त ओळखतील, माझ्या गटात हे हमखास होतं. त्यांना गाडी चालवायला मात्र लावू नका, त्याही डोंगर चढून दमलेल्या आहेत. दोन्ही दिवस चालकासकट गाडी ठरवा. शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस कल्याणला पकडलीत तर रात्री नाशिकरोडला उतराल, रविवारी परतीला तपोवन एक्सप्रेस आहे. आरक्षण आजच बघा.

राहिली घरी चोरी असलेली मैत्रीण. तिनं काय सांगावं ते तिचं तिला ठरवू दे. तुम्ही एवढंच करा, हातात ग्लास असलेला कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. भिशीत हा नियम पैशांच्या हिशेबाइतकाच कडक ठेवा.

प्रश्न : आम्हा पाच जणींना कळसूबाईच करायचंय. सोबत माझी 19 वर्षांची मुलगी येतेय. वाईनचं जमेल? — मी. जो., पुणे

कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून चढून उतरायला अख्खा दिवस धरा, वर लोखंडी शिड्याही आहेत. त्या दिवशी वाईन नाही. शनिवारी शिखर करा, रात्री बारीत किंवा भंडारदऱ्याला राहा, रविवारी घोटीकडे या. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा या वायनऱ्या आहेत. लेकीला डोंगरावर खुशाल न्या, बागही दाखवा. पण महाराष्ट्रात वाईनसाठी 21 पूर्ण लागतात. 'आईसोबत आहे' म्हणून सूट नाही, मागूही नका.

प्रश्न : 26 जानेवारीची सुट्टी जोडून आलोत तर? — एक वाचक, ठाणे

त्या दिवशी ड्राय डे. 26 ला डोंगर चढा, वाईन 27 ला.