शेजाऱ्याचा देव चालतो, मग मुलाचं 'नाही' का चालत नाही?

प्रश्न : आमचं मूळ घर फोंडा तालुक्यात. गणपतीच्या चवथीला दीर-जावा, पोरंबाळं मिळून घर भरतं. ह्यांची कंबर धरलीय, खाली बसवत नाही, म्हणून यंदा पूजेला मोठ्या मुलाने बसायचं ठरलं. तो चोवीस वर्षांचा, वेर्ण्याला कंपनीत आहे. त्याने सरळ सांगितलं, माझा विश्वास नाही, पाटावर बसून संकल्प सोडला तर ते खोटं होईल. हे म्हणाले, माझ्या घरात राहायचं तर करावंच लागेल. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. सासूबाई म्हणतात देव कोपणार. गंमत म्हणजे गावात आमचं घर मोकळ्या मनाचं समजतात, नाताळला शेजारच्या ख्रिश्चन घरातून दोदोल ही नारळ-गुळाची मिठाई येते, आमच्या नेवऱ्या (करंज्या) चवथीला तिकडे जातात, त्यांच्या चर्चच्या फेस्ताला (सणाला) पहिलं बोलावणं ह्यांना. धाकट्या मुलीला मात्र सगळ्याची हौस, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी तीच बांधते. मी कोणाची बाजू घेऊ? (एक आई, फोंडा)

उत्तर : मुलाची घ्या. भांडण करून नाही, पण घ्या.

तुम्ही फोंड्याच्या, म्हणून तिथलंच सांगते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, आणि जिथे तुमचा मुलगा कामाला जातो त्याच वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, हे सगळे देव सोळाव्या शतकात जुवारी नदी ओलांडून इकडे आले, कारण पलीकडे पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि कोणी काय मानायचं ते वरून ठरत होतं. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत होतं. आणि फोंडा तेव्हा कोणाकडे? आदिलशहाकडे! आपल्या देवांना थारा मिळाला तो मुसलमान राजाच्या मुलखात, हे आरती करताना सहसा कोणाला आठवत नाही. रातोरात मूर्ती उचलून निघालेल्या त्या माणसांच्या हातात सत्ता नव्हती, त्यांनी एवढंच ठरवलं की मनात नाही ते कोणाच्या हुकमाने करायचं नाही. तुमचा मुलगा दुसरं काय म्हणतोय? त्याच्या 'नाही'चं तोंड उलट्या दिशेला आहे हे मान्य, सासूबाई हे वाचून माझ्यावर चिडतील तेही मान्य.

शेजाऱ्याचं दोदोल खाणं सोपं असतं हो. तो रविवारी चर्चमध्ये मिसाला गेला काय नि न गेला काय, आपल्या घराचं काही अडत नाही. पोटचा पोर वेगळा विचार करायला लागला की मात्र कुळाचार, भावकी, लोक काय म्हणतील, सगळं एकदम अंगावर येतं आणि मोकळेपणाची खरी परीक्षा तिथे होते. गोव्याच्या सलोख्यावर एवढी भाषणं होतात, त्यात ह्या घरातल्या भागाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, मला तर आता कंटाळा आलाय त्या भाषणांचा.

आता मुलासाठी. केरळात यहोवाच्या साक्षीदार (Jehovah's Witnesses) ह्या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, उभी राहतात म्हणजे अपमान करत नाहीत, आणि घटनेच्या २५व्या कलमातलं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य त्यांनाही आहे असं धरून. घटना तुमच्या मिस्टरांना बांधत नाही, ती सरकारला बांधते, ते मला कळतं, पण तोडगा घरात वापरण्यासारखा आहे. मुलाने आरतीला उभं राहावं, म्हणू नये. बाजार करावा, माटोळीला सुपारीचे घोस नि कवंडळं आणून द्यावीत, विसर्जनाला गणपती उचलू लागावा. पाटावर बसू नये. आणि आजीसमोर देव कसा नाही ह्यावर लेक्चर अजिबात झाडू नये, विश्वास नसण्याचा हक्क त्याला आहे तसा आजीला विश्वास असण्याचा आहे.

पाटावर मुलीला का बसवत नाही? जिचं मन त्यात आहे ती माटोळी बांधून आत नेवऱ्या तळणार आणि ज्याचं नाही त्याला ओढून बसवणार, ह्यात देवाचा तरी काय मान? भटजींना आधी फोन करून विचारा, चवथीच्या सकाळी वाद नको. ते नाहीच म्हणाले तर दीर आहेत.

प्रश्न : मी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) दरवर्षी फेस्ताला तेल घालते. सून म्हणते हिंदूंनी चर्चमध्ये कशाला जायचं, मी येणार नाही. तिला कसं समजावू? (बार्देस)

उत्तर : समजावू नका. तुम्ही जा. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी त्या रांगेत तेलाची बाटली घेऊन उभ्या असलेल्या किती बायका हिंदू असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, शिरगावच्या लईराई देवीची ही सायबीण बहीण असं आपल्याकडे मानतातच. हे पाद्रीच्या पुस्तकात नाही नि आपल्या पोथीतही नाही, तरी चाललंय. पण सुनेचं मन तिकडे जात नसेल तर तो तिचा प्रश्न, तिला संकुचित वगैरे म्हणू नका. आणि सायबिणीकडे तिच्या वतीने नवसही बोलू नका, तिला न विचारता.