मॅपच्या बाहेर काय आहे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं कुठेही फिरता येतं अशा गेम्समधल्या रिकाम्या, कुणी न वापरलेल्या जागांवर दोन पानं लिहिली होती आणि फॅन लोकांनी बनवलेल्या क्वेस्टचा (गेममधल्या मोहिमांचा) नुसता ओझरता उल्लेख केला होता, तर त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बरीचशी ठाणे आणि नवी मुंबईतूनच आली आहेत. मी स्वतः नौपाड्यात वाढलोय त्यामुळे वाचताना फार बरं वाटलं.

प्रश्न : शाळेत असताना कळवा स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन जीटीए सॅन अँड्रियास खेळायचो. तिथला एक दादा सांगायचा की याच गेममध्ये लिबर्टी सिटी नावाचं दुसरं शहर पण लपवलेलं आहे, आम्ही त्याला फेकू म्हणायचो. आता घरी पीसी घेतलाय, गेम परत टाकलाय. दादा खरं बोलत होता का? आणि असेल तर असं अर्धवट शहर कंपनी ठेवते कशाला?
— एक वाचक, कळवा

उत्तर : शंभर टक्के खरं बोलत होता. गेममध्ये साल्वातोरे लिओनीसाठी कामं करता करता 'सेंट मार्क्स बिस्ट्रो' नावाचं एक मिशन येतं बघा, त्यात गेमचा नायक सीजे लास व्हेंच्युरास शहरातून विमानाने लिबर्टी सिटीला जातो, तिथे एका हॉटेलात गोळीबार करतो आणि परत येतो. तेवढ्या काही मिनिटांसाठी त्या शहराचा एक कोपरा बनवलाय. आता यातली खरी मजा अशी की सॅन अँड्रियासमध्ये दुकानं, घरं, जिम यांचे आतले भाग खाली रस्त्यावर नसतातच, ते मॅपच्या खूप वर आकाशात ठेवलेले असतात, आपण दारातून आत शिरलो की गेम आपल्याला उचलून वर नेऊन ठेवतो आणि आपल्याला वाटतं आपण दुकानात आलो. लिबर्टी सिटीचा तुकडा पण तिथेच वर तरंगतोय. म्हणून लोक जिमच्या आत जाऊन रॉकेटमॅनचा चीट (गुप्त कोड) टाइप करून जेटपॅक घेतात, छतातून बाहेर निघतात आणि उडत उडत तिकडे पोचतात.

मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, घरचे उठू नयेत म्हणून आवाज बंद केलेला. समोर बर्‍यापैकी नीट बांधलेली गल्ली, हॉटेलची पाटी, आणि माणूस एक नाही. थोडा पुढे गेलो तर रस्त्यातून सरळ खाली पडलो, कारण तिथे रस्ता दिसतो पण पाय टेकायला जमीन नाही. मिशनमध्ये आपण जिथे उभे राहणार तेवढीच जमीन पक्की केलेली आहे आणि बाकीचं फक्त डोळ्यांसाठी. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की हे कुणीतरी बसून, वेळ मोजून, गरजेपुरतं बांधलंय.

त्याच्या आधीच्या जीटीए थ्री मध्येही (२००१) असंच आहे, शोरसाइड वेलच्या डोंगरामागे एक ओसाड गल्ली आहे, फॅन लोक तिला घोस्ट टाउन म्हणतात. सुरुवातीचा बँक दरोड्याचा सीन तिथे होतो आणि मग आपण तिकडे कधीच जात नाही, त्या पंख तुटक्या डोडो विमानाने डोंगर ओलांडायची प्रॅक्टिस केलेल्यालाच ती दिसते.

कंपनी काढून का टाकत नाही, तर काढणं धोक्याचं असतं म्हणून. एक भिंत काढली की तिच्यावर अवलंबून असलेलं मिशन, सावली, आवाज असं काहीही कुठेतरी तुटतं आणि रिलीजची तारीख तर डोक्यावर असते, त्यामुळे दार बंद करून पुढे जातात. बंद दार उघडलं की काय होतं तेही याच गेमने दाखवलंय, २००५ मध्ये एका मॉडने (म्हणजे बाहेरच्या लोकांनी गेममध्ये केलेल्या बदलाने) सॅन अँड्रियासमधला असाच बंद केलेला भाग उघडला आणि अमेरिकेत गेमचं रेटिंग बदलून फक्त प्रौढांसाठी असं करावं लागलं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. खारघरच्या पुढच्या सेक्टरांत माझ्या लहानपणी सिडकोचा डांबरी रस्ता, फुटपाथ, दिव्याचे खांब, सेक्टरचा नंबर लिहिलेला बोर्ड असं सगळं होतं आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत. मामाच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या बोर्डांकडे बघत असायचो आणि इथे काय येणार होतं, कोण राहणार होतं याच्या गोष्टी मनात रचायचो. गेममधल्या रिकाम्या जागेत मला आजही अगदी तेच होतं, म्हणूनच मी तिकडे जातो.

प्रश्न : रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये मेक्सिकोला जाता येतं का? ऑनलाइनमध्ये ट्राय केलं तर बॅन होईन का?
— एक वाचक, वाशी सेक्टर १७

उत्तर : सॅन लुइस नदीच्या पलीकडे, म्हणजे मेक्सिकोच्या बाजूला, जमीन आहे, डोंगर आहेत, लांबून दिसाव्यात म्हणून ठेवलेल्या काही इमारती आहेत. गेम अडवतो पण ग्लिच (गेममधल्या चुका) वापरून लोक जाऊन आलेत, करायला मात्र तिथे काही नाही. माझं म्हणणं, त्यापेक्षा एपिलॉगमध्ये, म्हणजे मुख्य गोष्टीनंतरच्या शेवटच्या भागात, जॉनला घेऊन न्यू ऑस्टिन शांतपणे फिरा. एवढा मोठा प्रदेश आणि गोष्टीतली मिशन्स तिथे जवळपास नाहीतच, मुख्य गोष्टीतला नायक आर्थर तिकडे फिरकला तर त्याला लांबून गोळी घालतात. आर्माडिलो गाव रोगाच्या साथीने ओस पडलंय, तिथे संध्याकाळी घोड्यावरून उतरून नुसतं चाला, पळू नका. ग्वार्मा बेटावर मात्र पाचव्या चॅप्टरनंतर साध्या मार्गाने परत जाता येत नाही, तेव्हा तिथे असतानाच डोळे भरून बघून घ्या.

आणि ऑनलाइनमध्ये असलं काही करू नका, मॉड तर अजिबात नाही, अकाउंट जाईल. हे सगळे उद्योग सिंगल प्लेयरमध्ये, आणि आधी सेव्हची कॉपी काढून.

प्रश्न : सर, स्कायरिममध्ये मॅपच्या टोकाला गेलं की तिकडे जाता येणार नाही असा मेसेज येतो. माझा मित्र म्हणतो पलीकडे दुसरे देश आहेत. मी नववीत आहे.
— घणसोलीहून

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. तुझ्याकडे पीसी असेल तर गेमच्या आयएनआय फाइलमध्ये (त्यात गेमच्या सेटिंग्ज लिहिलेल्या असतात) बॉर्डर रीजनची एक सेटिंग असते, तिची किंमत शून्य केली की तो मेसेज येणं बंद होतं (फाइलची कॉपी आधी काढून ठेव हां). दक्षिणेला खिंडीतून पुढे गेलास की आधी झाडं संपतात, मग दगड, मग गवत, आणि शेवटी नुसती गुळगुळीत जमीन उरते, लांबवर शेजारच्या सिरोडिल प्रांताचा तो मोठा पांढरा मनोरा धूसर दिसतो. घरं, माणसं काहीच नाही. डोंगरावरून बघताना क्षितिज रिकामं वाटू नये म्हणून ती जमीन ठेवलीय.

पण गोष्ट इथे संपत नाही. बियॉन्ड स्कायरिम नावाच्या फॅन लोकांच्या टीमने त्याच दिशेला ब्रूमा शहर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग उभा केला, २०१७ मध्ये तो सगळ्यांना फुकट दिला, आवाज, क्वेस्ट, पुस्तकं, संगीत सगळं स्वतःचं. तू आधी रिकामी जमीन चालून ये आणि मग ब्रूमा टाकून त्याच खिंडीतून परत जा. हाच क्रम ठेव, उलटा केलास तर पहिल्या वेळेचं आश्चर्य हातचं जाईल.

प्रश्न : जुना आय थ्री लॅपटॉप, ४ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. फॉलआउट लंडन चालेल का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नाही चालणार. २०२४ च्या जुलैमध्ये आलेलं हे मॉड फॉलआउट ४ वर चालतं, त्याचे सगळे डीएलसी (वेगळे घ्यायचे जादा भाग) लागतात आणि वर एप्रिल २०२४ च्या अपडेटमुळे गेम जुन्या व्हर्जनवर न्यावा लागतो. तुमच्या मशीनला उगाच त्रास.

तुम्ही मॉरोविंड घ्या. २००२ चा गेम आहे, ओपनएमडब्ल्यू नावाचं फुकट इंजिन टाकलं की अशा लॅपटॉपवरही खेळता येतो. मूळ गेममध्ये मॉरोविंड प्रांतातलं फक्त व्हारडेनफेल बेट आहे, मुख्य भूमी त्यात नाही. ती टॅमरिएल रीबिल्ट नावाचा फॅन लोकांचा गट वीस वर्षांहून जास्त काळ तुकड्या तुकड्याने बांधतोय. मधल्या काळात कितीतरी जण आले, नोकरीला लागले, सोडून गेले, नवीन पोरं आली, काम चालूच. नेक्रोम आणि ओल्ड एबनहार्ट ही दोन शहरं तरी बघाच. तिथल्या क्वेस्ट मला कितीतरी ठिकाणी मूळ गेमपेक्षा सरस वाटल्या, कारण लिहिणार्‍याला घाई नव्हती. फक्त एक, नकाशावर बाण दिसणार नाही, माणसं तोंडी पत्ता सांगतात की पुलापासून डावीकडे, मोठ्या दगडाच्या मागे. वही घेऊन बसा.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे. सुट्टीच्या दिवशी तासन् तास कॉम्प्युटरपुढे असतो, विचारलं तर म्हणतो, आई मी खेळत नाहीये, बनवतोय. मी डोकावून बघितलं तर एक रिकामी खोली आणि जमिनीवर नुसते रंगीत त्रिकोण. हा वेळ वाया चाललाय का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय. ते त्रिकोण म्हणजे नेव्हमेश. गेममधल्या माणसाला जमीन दिसत नाही, कुठे चालायचं हे त्याला कुणीतरी आखून द्यावं लागतं, तर ती आखणी या त्रिकोणांनी करतात. टेबलाभोवती त्रिकोण नीट कापले नाहीत तर माणूस टेबलात अडकून तिथेच पाय हलवत राहतो, दारापाशी जोडले नाहीत तर तो खोलीबाहेर पडूच शकत नाही. एका खोलीला कधी कधी अख्खी दुपार जाते आणि खेळणार्‍याच्या ते लक्षातही येत नाही. कंटाळवाणं, चिकाटीचं काम आहे, आणि अकरावीतला मुलगा ते आपणहून करतोय ही मला मोठी गोष्ट वाटते.

स्कायरिमसाठी क्रिएशन किट नावाचं सॉफ्टवेअर कंपनीनेच फेब्रुवारी २०१२ मध्ये फुकट दिलं, मुलगा बहुतेक तेच वापरत असेल. त्यातूनच निक पिअर्स नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका वकिलाने द फरगॉटन सिटी ही क्वेस्ट बनवली, २०१५ मध्ये आली. जमिनीखाली एक शहर, तिथला नियम असा की एकाने पाप केलं तर सगळे मरणार. २०१६ मध्ये तिला ऑस्ट्रेलियातल्या लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला, तोही एका मॉडला, आणि २०२१ मध्ये तिचा स्वतंत्र गेम झाला. तुमच्या मुलाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही त्याला तसं म्हणू नका, फार ओझं होतं. अभ्यासाचे आणि झोपेचे तास पक्के ठरवा, त्यात सूट नको. पण एका रविवारी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याने बनवलेली क्वेस्ट स्वतः खेळा, माउस तुमच्या हातात घ्या. गेम न खेळणार्‍या माणसाला कुठे अडतं हे बघायला मिळणं त्याला कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : मला पण स्कायरिममध्ये स्वतःची क्वेस्ट बनवायची आहे. गोष्ट तयार आहे, तीन राज्यं, दोन युद्धं, चाळीस पात्रं. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, खारघर

उत्तर : ती गोष्ट वहीत जपून ठेवा आणि सध्या एक झोपडी शोधा. खरंच सांगतो. मॅपवर एखादी अशी जागा शोधा जिथे मूळ गेमने काही ठेवलं नाही, पडकं घर, नदीकाठचं एक वळण, आणि तिथे गेममधला अख्खा दिवस उभे राहा, सकाळ ते रात्र. ऊन कुठून येतं, कोण जातं येतं, रात्री काय ऐकू येतं. इथे कोण राहत असेल हे तुम्हाला त्या जागेवरच सुचेल, आणि तसं सुचलेलं पात्र त्या जागी शोभतं. मी बघितलेल्या फसलेल्या फॅन क्वेस्टमध्ये बहुतेक वेळा गोष्ट आधी ठरलेली होती आणि जागा कुठूनतरी आणून चिकटवलेली.

माझी पहिली क्वेस्ट एवढीच होती : झोपडीत एक म्हातारी, तिचा मुलगा गेलाय तो आला नाही, त्याची कुर्‍हाड ओढ्यापाशी सापडते, ती तिला आणून द्यायची की नाही हे खेळणार्‍याने ठरवायचं. पात्र एक, वस्तू एक. तीन महिने लागले. म्हातारीला आवाज माझ्या आजीचा आहे, मराठीत. घोडबंदर रोडवरच्या घरात दिवसभर ट्रक, म्हणून पहाटे चारला उठून, खिडकीला गोधड्या लावून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. 'ठेव तिथं. धार गेली असेल बघ तिची.' हे वाक्य आजीचं स्वतःचं आहे, मी लिहिलेलं वाक्य तिला पटलंच नाही. सबटायटल मात्र इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागलं, गेमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, मराठी टाकलं की चौकोन येतात.

कामाच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. क्वेस्टच्या टप्प्यांना १, २, ३ असे नंबर देऊ नका, १०, २०, ३० द्या, मध्ये काहीतरी घुसवावं लागतंच. पात्र समोर उभं आहे पण तुमचा संवाद येतच नाही असं झालं तर स्क्रिप्टला दोष देण्याआधी एसईक्यू फाइल बनवलीय का बघा, गेम सुरू होताच चालू होणार्‍या क्वेस्टला ती लागते आणि नवीन माणूस हमखास इथेच दोन दिवस घालवतो. तपासणी नेहमी स्वच्छ सेव्हवर, म्हणजे ज्यात तुमचं मॉड आधी कधीच चालू नव्हतं अशा. आणि दुसर्‍याने बनवलेलं मॉडेल, आवाज, काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका, विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात.

झोपडी सापडली की मला लिहा, गोष्ट नंतर सांगा, आधी फक्त जागा कुठली आणि तिथे रात्री काय ऐकू येतं तेवढं कळवा. मी गेम उघडून तिथे जाऊन उभा राहीन.