रोज येणाऱ्या ‘क्रांतिकारी शोधां’तलं आपल्या हाती खरंच काही लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की औषधं, केमिस्ट्री, मटेरियल्स यातले ‘जग बदलणारे’ शोध रोज व्हॉट्सॲपवर येऊन पडतात, त्यातला खरा कुठला नि फुसका कुठला हे साध्या माणसानं ओळखायचं कसं, आणि तुमच्या आईंना आमवात आहे तर 2025 च्या मेडिसिनच्या नोबेलवाल्या शोधानं त्यांना काही फरक पडेल का. आईंच्या विषयावर येतोच, पण आधी सांगतो की मी डॉक्टर नाही. कोल्हापूरचा आहे, शिवाजी विद्यापीठातून फिजिक्सला एमएस्सी केलं, थिन फिल्मवर प्रोजेक्ट होता, आणि गेली बारा वर्षं शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीची लॅब बघतोय. म्हणजे भट्टीतल्या रसाचं सॅम्पल आधी माझ्याकडं येतं आणि मी हो म्हटल्याशिवाय ओतकाम सुरू होत नाही. कागदावर तरी असंच आहे, डिस्पॅचची गाडी दारात उभी असली की काय होतं ते विचारू नका.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगतो, म्हणजे मी बातम्या कशा वाचतो ते कळेल. स्टीलच्या पट्टीवर मँगनीज ऑक्साईडचा पातळ थर चढवायचा आणि तो सुपरकपॅसिटरसारखा किती चार्ज धरतो ते मोजायचं, एवढंच काम होतं. बीकरमध्ये द्रावण, त्यात पट्ट्या उभ्या करायच्या, काही तासांनी तपकिरी थर बसतो, धुवायचं, वाळवायचं, मोजायचं. सगळ्यांना ग्रॅममागे 200-250 फॅरड (चार्ज धरण्याचं माप) मिळायचं आणि माझ्या एका पट्टीला मिळालं 900! रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी मित्रांना मिसळ घातली, दोन जणांनी तर मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणून हाक मारायला सुरुवात केलेली. सरांनी ग्राफ बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “दुसरी पट्टी कर.” बास. शाबास नाही, चुकलास नाही, काही नाही.

दुसरी पट्टी केली, 220 आलं. तिसरी केली, 240. मग चार दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं. पट्टी एमरी पेपरनं घासल्यावर मी तिचं वजन आधी केलेलं आणि साबणानं धुतली नंतर. म्हणजे घासण्याची भुकटी नि हाताचं तेल आधीच्या वजनात धरलं गेलं आणि धुताना गेलं. थर असतोच किती, एक मिलिग्रॅमच्या आत! खरं वजन 0.8 मिलिग्रॅमच्या आसपास असणार, माझ्या हिशोबात आलं 0.2. भागाकारात खालचा आकडा चौथा हिस्सा झाला की वरचं उत्तर चौपट होतं, हे चौथीतलं पोरगं सांगेल, मला एमएस्सीत मिसळीचं बिल भरून कळलं. तेव्हापासून ‘ग्रॅममागे एवढं’ असा भारी आकडा बातमीत दिसला की मी पहिल्यांदा हेच बघतो, की भावा, तुझ्याकडं एकूण ग्रॅम होते तरी किती?

फौंड्रीत हेच दुसऱ्या तऱ्हेनं बघायला मिळतं. आम्ही एसजी आयर्न ओततो, त्यात मॅग्नेशियम घातलं की लोखंडातलं ग्राफाइट पापुद्र्यासारखं न राहता गोल गोळ्या होऊन बसतं आणि कास्टिंग ठिसूळ राहत नाही. हा शोधही कधीतरी ‘ताजी बातमी’ होता, 1948 मध्ये जाहीर झाला, आणि आज तुमच्या गाडीच्या क्रँकशाफ्टमध्येही तो असू शकतो. पण मॅग्नेशियम रसात टिकत नाही, मिनिटागणिक उडून जातं, म्हणून लेडलमधला, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातला, पहिला मोल्ड (साचा) कितीही देखणा आला तरी आम्ही मायक्रोस्कोपखाली धरतो तो सगळ्यात शेवटी ओतलेल्या मोल्डचा तुकडा. तिथं गोळ्या गोल असतील तर लॉट पास. पहिलं कास्टिंग दाखवून गिऱ्हाइकाला माल विकणारा आजवर मला भेटला नाही, पण पहिली पट्टी दाखवून बातमी विकणारे रोज भेटतात.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे एलके-99. 2023 चा जुलै, इकडं पाऊस धो धो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं ते बघायला मोबाईल उघडायचा आणि त्यात हे दिसायचं, की कोरियातल्या लोकांनी शिसं, तांबं, फॉस्फरस वगैरे भाजून एक काळा खडा केलाय जो साध्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे. म्हणजे वीज बिनविरोध वाहणार, तारेत काहीच वाया जाणार नाही. चुंबकावर अर्धवट उचललेल्या खड्याचा व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल देव जाणे, आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर रात्री दीड-दोनपर्यंत भांडणं. साधारण 104 अंश सेल्सिअसला त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एकदम खाली येतो असा ग्राफ होता नि तोच मोठा पुरावा मानला जात होता.

मग जगभरच्या लॅबनी दुसरी पट्टी करायला घेतली. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनं पहिल्या काही दिवसांतच करून बघितलं, त्यांना सुपरकंडक्टर मिळाला नाही. चीनमधल्या गटांनी दाखवून दिलं की भाजताना त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ तयार होते आणि त्याच तापमानाला कॉपर सल्फाइडची रचना बदलून रेझिस्टन्स कोसळतो. ग्राफ खोटा नव्हता, पण तो भेसळीचा ग्राफ होता! शेवटी जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटनं भेसळ नसलेले स्फटिक वाढवले, ते निघाले जांभळट, पारदर्शक आणि वीज अडवणारे. महिनाभरात खेळ खल्लास. लोक म्हणतात विज्ञानाची नाचक्की झाली, मला तर तो महिना फार आवडला, कारण एरवी दहा-वीस वर्षं चालणारं काम उघड्या डोळ्यांनी बघायला मिळालं. आणि हो, त्या कोरियन लोकांना मी हसत नाही, वरची मिसळ आठवते.

आता खऱ्या निघालेल्या गोष्टीचं बघा. 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्कला मिळालं, मॉफ म्हणतात त्याला. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी हे तिघं. रॉबसन मेलबर्नला मास्तर. 1974 मध्ये पोरांना रेणू शिकवायला लाकडी गोळे नि काड्या हव्या होत्या, तर गोळ्यांना भोकं कुठं पाडायची त्याच्या खुणा करून त्यांनी ते वर्कशॉपला दिले. गोळे परत आले आणि जोडायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भोकांची जागा बरोबर असली की रचना आपोआप बरोबर होते, माहिती भोकातच आहे. मग हेच खऱ्या अणूंवर करून बघू असं वाटायला नि ते करायला पंधरा वर्षं गेली, पहिला पेपर 1989 चा. (वर्कशॉपच्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलंय का माहीत नाही, फौंड्रीवाला असल्यानं मला पहिल्यांदा तोच आठवतो.)

तर मॉफ म्हणजे धातूचे अणू कोपऱ्याला, कार्बनच्या रेणूंच्या काड्या मध्ये, आणि आत नुसत्या खोल्याच खोल्या. याघींनी 1999 ला केलेलं मॉफ-5 असं आहे की त्याच्या दोन-तीन ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा. त्या खोल्यांत वायू साठवा, कार्बन डायऑक्साइड पकडा, याघींच्या लोकांनी तर ॲरिझोनाच्या वाळवंटात रात्रीच्या हवेतून पाणी धरून दाखवलं. ऐकायला नाद खुळा आहे. पण मॉफ-5 ला दमट हवा सोसत नाही, ओल लागली की रचना ढासळते. म्हणजे आपल्याकडं जूनमध्ये पुडी उघडली तर दिवाळीपर्यंत मैदान शिल्लक राहायचं नाही. नोबेल मिळालं म्हणजे माल दुकानात आला असं नसतं ते हे असं. पुढं कॅनडात कॅल्गरीच्या लोकांनी काल्फ-20 नावाचं मॉफ केलं, ते पाण्याच्या वाफेतही टिकतं, सिमेंट कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला प्रत्यक्ष लावून बघितलंय आणि ते आता शेकडो टनांत बनतं. टन आले की मी कान टवकारतो. पहिल्या पेपरपासून टनापर्यंत किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा.

औषधाच्या बाबतीत ग्रॅम-टनाच्या जागी माणसं मोजायची. किती माणसांवर, कशाच्या तुलनेत आणि माणसांवर की उंदरांवर. अलीकडचा मला सगळ्यात जोरकस वाटलेला निकाल लेनाकापाविरचा, एचआयव्ही होऊ नये म्हणून सहा महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या 2134 तरुण मुली-बायकांना दिलं, लागण झाली शून्य जणींना. त्याच चाचणीत ज्यांना रोजच्या गोळ्या दिल्या त्यातल्या एका गटात 1068 मध्ये 16 आणि दुसऱ्यात 2136 मध्ये 39 जणींना झाली. गोळ्या वाईट नव्हत्या, रोज न चुकता घेणं जमत नव्हतं, आणि ज्यांच्या घरात बीपीची गोळी फ्रीजवर ठेवून विसरली जाते त्यांना हे वेगळं समजवायला नको. सुरुवातीला किंमत ऐकूनच गार पडायची वेळ होती, पण भारतातल्या डॉक्टर रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांची जेनेरिक 2027 पासून गरीब देशांना वर्षाला साधारण 40 डॉलरला मिळतील असं 2025 मध्ये जाहीर झालंय. अशी बातमी आली की खुशाल फॉरवर्ड करा.

आता आईंचं. 2025 चं मेडिसिनचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं ते शरीराच्या ब्रेकसाठी. आपल्या रोगप्रतिकारक पेशी जंतूंना मारतात, पण त्या आपल्याच सांध्यांवर का उठत नाहीत? तर त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार) असतात, ते साकागुचींनी 1995 मध्ये दाखवलं, तेव्हा फार कुणी मानायला तयार नव्हतं. ब्रंको नि रॅम्सडेल एका कंपनीत होते, त्यांनी 1940 च्या दशकात अमेरिकेत सापडलेल्या उंदरांची एक जात घेतली. यातले नर उंदीर खपल्या धरलेले, प्लीहा सुजलेली, काही आठवड्यांत मरायचे. त्यांनी शोधत शोधत वीस जीनपर्यंत आणलं, एकेक तपासला, आणि दोष निघाला विसाव्या, शेवटच्या जीनमध्ये. फॉक्सपी3 नाव त्याचं, 2001 ची गोष्ट. तोच बिघडला तर लहान मुलांमध्येही तसाच गंभीर आजार होतो हे त्यांनीच दाखवलं आणि दोन वर्षांत साकागुचींनी जोडून दिलं की त्या ब्रेकवाल्या पेशींना हाच जीन घडवतो.

आमवातात हेच होतं, आपलीच फौज आपल्याच सांध्यावर. म्हणून व्हॉट्सॲपवाले म्हणतात ‘आमवात कायमचा बरा’. नाही हो. ब्रेकच्या पेशी वाढवून किंवा बाहेरून देऊन आमवात आवरायचे प्रयोग माणसांवर चालू आहेत, पण आज दवाखान्यात जाऊन मागावं असं त्यातलं औषध नाही.

दुसरी एक वाट मात्र मी लक्ष ठेवून बघतोय. कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून, शिकवून परत सोडायच्या, रक्ताच्या कॅन्सरसाठी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार19 ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, चाचणीत साधारण 73 टक्के पेशंटमध्ये आजार मागे हटला, आणि खर्च अमेरिकेतल्या तशा उपचाराच्या सुमारे दहावा भाग, म्हणजे तरीही लाखांतच. हीच पद्धत जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी लुपसवर वापरली, लुपस हा आमवाताचाच चुलतभाऊ समजा. 2022 ला पाच पेशंटचा निकाल आला, पाचही जणांचा आजार आटोक्यात, औषधं बंद. पाचपैकी पाच! पण पाचच. त्यांची दुसरी पट्टी आता ठिकठिकाणी मोठ्या चाचण्यांत चालू आहे, आमवातावरही.

तोपर्यंत आईंच्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या फॉरवर्ड वाचून बंद करू देऊ नका, आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट (आमवाताची नेहमीची गोळी) असेल तर ती आठवड्यातून एकदाच, आणि रक्ताच्या तपासण्या टाळू नका. संधिवाताच्या स्पेशालिस्टला दाखवलं नसेल तर आधी ते करा. माझ्या काकूंनी दोन वर्षं नुसत्या पेनकिलरवर काढली, आता त्यांची बोटं वाकडी झालीत, पोळी लाटताना पोळपाट फिरवतात, लाटणं नाही.