पडद्यावरचा बल्ब आणि मडक्यातले पाणी : वर्गातल्या खेळांविषयी प्रश्नोत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून आलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पाण्याच्या खेळाचे उत्तर लांबले आहे. त्यात नियम आणि आकडे पूर्ण दिले नाहीत तर खेळ वर्गात फसतो, म्हणून ते कापलेले नाही.

नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात ५६ मुले, शाळेत एकच प्रोजेक्टर, इंटरनेटचा भरवसा नाही. सिम्युलेशन (संगणकावरचा आभासी प्रयोग) दाखवले की मुले सिनेमा बघितल्यासारखी बघतात आणि नंतर विचारले तर गप्प. काय करावे? (शिक्षिका, अमळनेर)

इंटरनेटचा प्रश्न चटकन सुटतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन फुकट आहेत. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातले प्रत्येक नवे सिम्युलेशन एकाच फाइलमध्ये उतरवता येते. घरून पेन ड्राइव्हवर आणा आणि शाळेच्या संगणकावर नेट नसताना उघडा. बऱ्याच सिम्युलेशनच्या मराठी आवृत्त्याही आहेत. फाइल उघडल्यावर पांढरा पडदाच दिसला, तर जुना इंटरनेट एक्स्प्लोरर उघडला आहे असे समजा. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ती चालते. मार्च-एप्रिलच्या उन्हात चित्र फिके दिसत असेल तर प्रोजेक्टर भिंतीजवळ घ्या. चित्राची रुंदी निम्मी झाली की उजेड चौपट होतो.

खरी अडचण पुढे आहे. बटण दाबण्याआधी मुलांनी अंदाज बांधलेला नसतो, म्हणून समोर जे घडते ते त्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखेच वाटते. विद्युत परिपथाचे सिम्युलेशन घ्या. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा एक बल्ब जोडा. अमीटर (प्रवाह मोजणारे यंत्र) ०.९ अँपिअर दाखवेल. आता तसाच दुसरा बल्ब एकसर (एकापुढे एक) जोडणीत घालायचा आहे, पण इथे थांबा. फळ्यावर तीन पर्याय लिहा : एक, पहिला बल्ब तसाच राहील आणि दुसरा मंद पेटेल, दोन, दोन्ही सारखेच मंद होतील, तीन, दोन्ही पूर्वीइतकेच पेटतील. मुलांनी डोळे मिटून, हात छातीशी धरून बोटांनी उत्तर द्यायचे. डोळे उघडे असले की सगळा वर्ग हुशार मुलाची बोटे मोजतो.

पहिल्या पर्यायाला भरपूर बोटे येतात, कारण पहिला बल्ब वीज ‘खाऊन टाकतो’ आणि उरलेली पुढे जाते असे मुलांना मनापासून वाटते. लगेच चूक सांगू नका. शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू द्या, पुन्हा बोटे घ्या, मग जोडा. अमीटर पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि शेवटी असा तीन ठिकाणी लावा. तिन्हीकडे ०.४५ येते. हा आकडा फळ्यावर तीनदा लिहा. मग विचारा : प्रवाह निम्मा झाला, तर उजेडही निम्मा झाला का? एका बल्बची शक्ती ८.१ वॅटवरून सुमारे २ वॅटवर येते, म्हणजे चौथा हिस्सा. दहावीच्या मुलांनी हा हिशेब वहीत करायलाच हवा.

माऊस शिक्षकाच्या हातात नको. एका मुलाने चालवायचा, दुसऱ्याने सांगायचे, दर दोन मिनिटांनी जोडी बदलायची. तुम्ही वर्गाच्या मागे उभ्या राहा. एका तासात असे दोन प्रश्न पुरेत, तिसरा घेतला की चर्चा कापली जाते.

पडदा काय लपवतो तेही सांगा. तारेतून पळणारे निळे ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉनचे छायाचित्र नव्हे. तारेतला त्यांचा खरा वेग गोगलगायीलाही लाजवेल इतका कमी असतो. सिम्युलेशनमधल्या बॅटरीला, आपण घातला नाही तर, अंतर्गत (स्वतःचा) रोध नसतो. म्हणून पुढच्या तासाला टॉर्चचे दोन सेल आणि दोन छोटे बल्ब घेऊन समांतर जोडणी करा. सेल जुने असतील तर दुसरा बल्ब लावताच पहिला किंचित मंदावतो, पडद्यावर तसे होत नाही. ‘असे का?’ या प्रश्नावर उरलेला तास खर्च झाला तरी चालेल. शॉर्ट सर्किट मात्र पडद्यावरच करू द्या, तिथे बॅटरीला आग लागते आणि मुले खूश होतात. कुणी मोटारसायकलची बॅटरी आणली तर ती वर्गाबाहेर ठेवा.

आमच्या भागात बोअर दरवर्षी खोल जाताहेत. भूजलाचा धडा नुसता वाचून मुलांना भिडत नाही. संगणकाशिवाय एखादा खेळ सुचवा. (भूगोल शिक्षक, यावल तालुका)

सहा-सहा मुलांचे गट करा. पाच जण शेतकरी, सहावा मडके सांभाळणारा. प्रत्येक गटाला एक मडके, वर झाकायला फडके आणि ६० चिंचोके. त्यातले ४० मडक्यात, हे गावाचे भूजल. मडक्यात ४० पेक्षा जास्त मावत नाही. वरचे तापीला वाहून गेले.

एक फेरी म्हणजे एक वर्ष, खेळ आठ फेऱ्यांचा. प्रत्येक शेतकरी चिठ्ठीवर गुपचूप पीक लिहितो. केळीला ४ चिंचोके पाणी आणि ६ गुण, कपाशीला २ चिंचोके आणि ४ गुण, हरभऱ्याला १ चिंचोका आणि २ गुण. सगळ्यांनी चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि क्रमाने पाणी काढायचे. क्रम दरवर्षी सोडत काढून ठरवा. पूर्ण पाणी मिळाले नाही तर पीक गेले : केळीचे उणे ४, कपाशीचे उणे २, हरभऱ्याचे उणे १, आणि त्या पिकासाठी मडक्यातून काही काढायचे नाही. वर्षाच्या सुरुवातीला मडक्यात २० पेक्षा कमी चिंचोके असतील तर प्रत्येकाचा एक गुण कापा, कारण पाणी खोलवरून उपसायला वीज जास्त लागते. ज्याला रांगेत पहिले यायचे असेल त्याने ३ गुण देऊन ‘बोअर खोल’ करावा.

मग पाऊस. फासा शिक्षकानेच टाकायचा, साऱ्या वर्गासाठी एकच. १ आला तर मडक्यात ४ चिंचोके, २ किंवा ३ ला ८, ४ किंवा ५ ला १२, ६ ला १६. सरासरी १०. सगळ्या गावांना सारखाच पाऊस मिळतो, म्हणून शेवटी ‘आमच्याकडे दुष्काळ होता’ ही सबब चालत नाही.

आकडे असे निवडण्यामागे कारण आहे. पाचही जणांनी कपाशी घेतली तर वर्षाला १० पाणी लागते आणि सरासरी पावसात मडके टिकते. आठ वर्षांत गावाला १६० गुण मिळतात. पाचही जणांनी केळी लावली तर पहिली तीन वर्षे मजेत जातात, चौथ्या वर्षी मडक्यात १० उरतात आणि तिघांची केळी बुडते. आठ वर्षांअखेर गाव ८५ च्या आसपास राहते. एकट्याने केळी लावली तर त्याला ४८ गुण मिळतात आणि गावाला फारसे कळतही नाही. तिघांनी लावली तर सहाव्या वर्षी टंचाई. म्हणजे कुणीच मूर्खासारखा वागत नाही, तरी मडके रिकामे होते. मोह आणि मर्यादा यांचा हा मेळ बिघडू द्यायचा नाही. केळीला १० गुण ठेवून पाहा : मडके आटल्यावरही केळीवालेच पुढे राहतात आणि खेळातून मुले नेमका उलटा धडा घेऊन उठतात. गुण बदलायचे असतील तर आधी कागदावर आठ वर्षे मांडून बघा.

वर्गात काय चुकते? पहिले, ‘आठ फेऱ्या खेळायच्या’ असे जाहीर केले जाते. मग सातव्या-आठव्या वर्षी सगळे केळीच लावतात, कारण उद्याची फिकीर उरत नाही. फेऱ्यांची संख्या सांगू नका. दुसरे, गटातला दांडगा मुलगा सगळ्यांचे पीक ठरवतो. चिठ्ठ्या गुपचूप लिहायच्या त्या यासाठीच. तिसरे आणि सर्वांत वाईट, केळी लावणाऱ्याला शिक्षक रागावतात. मग मुले शहाण्यासारखी वागतात आणि काहीच घडत नाही. ‘सर, पानी सरी गयं!’ (पाणी संपले!) असे एखाद्या गटातून ओरडू द्या.

पहिल्या खेळात मडके झाकलेले हवे आणि बोलायला बंदी. खालचे पाणी दिसत नाही, हेच तर भूजलाचे दुखणे. २५ मिनिटांत हा खेळ उरकतो. नंतर विचारा : पाणी कमी होते आहे हे कोणत्या वर्षी कळले? बोअर खोल करून कुणाला किती फायदा झाला? (सगळ्यांनीच ३-३ गुण भरले असतील तर रांग पुन्हा होती तशीच.) दुसऱ्या दिवशी फडके काढा, बोलायला मोकळीक द्या आणि गावाला स्वतःचे नियम करू द्या. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत इथे सांगा : बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी पाजण्याचे काम पाटकऱ्याचे, शेतमालकाचे नाही. मात्र तिथे पाणी बंधाऱ्यात डोळ्यांना दिसते, बोअरचे दिसत नाही. हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

केळीपट्ट्यातली पोरे ‘आमच्याकडे ठिबक आहे’ असे म्हणणारच. तोही नियम घाला : एकदाच ५ गुण भरले की केळीला ४ ऐवजी ३ पाणी. पाचही जणांनी ठिबक बसवून केळीच लावली, तर सरासरी पावसात सातव्या वर्षी मडके तुटते. टंचाई चौथ्याऐवजी सातव्या वर्षी आली, टळली नाही. ४-२-१ हे प्रमाण खेळापुरते आहे, पिकांची खरी गरज नव्हे, एवढे जरूर सांगा.

दहावीचा अभ्यासक्रमच उरकत नाही, तिथे खेळ कुठे बसवायचे? (गणित शिक्षक, पारोळा)

सगळीकडे बसवू नका. अंकगणिती श्रेढीला खेळ नसला तरी काही बिघडत नाही. संभाव्यतेला मात्र एक तास द्याच. ‘समसंभाव्य’ (सगळ्या शक्यता सारख्याच) या शब्दाचा अर्थ नाणे आणि फासा यांच्या उदाहरणांत मुलांना जाणवतच नाही, कारण तिथे सगळेच समसंभाव्य असते.

चिंचोका एका बाजूने खडबडीत दगडावर घासा, पांढरा गर दिसू लागेल. प्रत्येक जोडीला असा एक द्या. वर पांढरी बाजू येण्याची संभाव्यता १/२ आहे का, हे आधी लिहून घ्या. मग ५० वेळा टाकायचा. १०, २० आणि ५० टाकांनंतर पांढऱ्याचे प्रमाण मांडायचे. २५ जोड्या असतील तर १२५० टाक होतात. दहा टाकांनंतरची प्रमाणे जोडीजोडीत भलतीच वेगळी दिसतील, पन्नासनंतर बरीच जवळ येतील. चिंचोका निम्म्याला निम्मा पडेलच याची खात्री नाही, कारण दोन्ही बाजूंचा आकार वेगळा. टाकायची उंची ठरवून द्या, एक वीत पुरे. टेबलावरून पडलेला टाक मोजायचा की नाही हेही आधीच ठरवा. ‘नीट पडला नाही’ म्हणून मुले पुन्हा टाकतात आणि सगळी नोंद वाया जाते.

वेळ उरला तर चार नाणी. दोन छापा, दोन काटा असे निम्म्या वेळा पडेल, हा मुलांचा ठाम अंदाज असतो. उत्तर ६/१६. म्हणजे ६४ टाकांत सुमारे २४.

मुलाच्या शाळेने मोबाइलवर गणिताचे गेम खेळायला सांगितले आहे. तो तासभर खेळतो. उपयोग होतो का? (पालक, शिरपूर)

तो खेळत असताना पाच मिनिटे शेजारी बसा. चूक उत्तर दिल्यावर गेम काय करतो ते बघा. नुसती लाल फुली आणि आवाज येऊन पुढचे गणित येत असेल तर तो सराव आहे, शिकवणे नाही. घड्याळ पळत असेल तर पोरगा अंदाजाने बटणे दाबू लागतो. घड्याळ बंद करता येत असेल तर करा. तिसरी गोष्ट, गेममधले एक गणित कागदावर घाला. तिथे अडला तर त्याला गेम येतो, गणित येत नाही. पाढे आणि तोंडी हिशेब पक्के करायला वीस मिनिटे ठीक. तास फार झाला.

पहिली ते चौथी एकाच खोलीत. मुले पावरी बोलतात, मराठीतले नियम अर्धे कळतात. खेळ सुरू होईपर्यंतच तास संपतो. (जिल्हा परिषद शिक्षक, धडगाव)

नियम सांगू नका, खेळून दाखवा. चौथीची दोन मुले घ्या आणि सगळ्यांदेखत न बोलता एक डाव खेळा. नंतरचा पहिला डाव कच्चा, त्याचे गुण नाहीत. एका खेळात तीनपेक्षा जास्त नियम नकोत. चौथा हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी वाढवा.

सुरुवात काड्यांच्या खेळाने करा. प्रत्येकाजवळ रबरबँड, मध्ये काड्यांचा ढीग. फासा टाकायचा, तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की लगेच जुडी बांधायची. ज्याच्या पाच जुड्या आधी होतील तो जिंकला. पहिलीची मुले एकच फासा घेतील, तिसरी-चौथीची मुले दोन फासे घेऊन शंभराकडे जातील, तेव्हा दहा जुड्यांची मोळी. मुले जुडी बांधायचा कंटाळा करतात आणि सगळ्या काड्या शेवटी मोजतात. मग दशक कळतच नाही. त्यावर उपाय : जुडी न बांधता पुढचा फासा टाकला तर तो डाव बाद. ‘जुडी’ आणि ‘मोळी’ला त्यांच्या घरी जे शब्द असतील तेच खेळात वापरा. मराठी शब्द फळ्यावर बाजूला लिहून ठेवा, दुसऱ्या आठवड्यात मुले आपणहून तो उचलतात. रबरबँड उन्हाने चिकट होऊन तुटतात, त्याऐवजी सुतळीचे तुकडे चालतील. मात्र पहिलीला गाठ मारता येत नाही, म्हणून त्यांच्याजवळ चौथीचा एक मुलगा बसवा.