अलास्काच्या इन्युपियाक या मूलनिवासी लोकांमध्ये सार्वजनिक जागांसाठी शिल्पं आणि काचकाम करणारा कुणी आहे का, की फक्त हस्तिदंती कोरीवकामच?

आहे, लॉरेन्स आव्हाकाना. जन्म 1946, फेअरबँक्सचा. लहानपण गेलं पार उत्तर टोकाच्या बॅरोमध्ये (2016 पासून उत्कियाग्विक). झाडं उगवतच नाहीत अशा त्या किनाऱ्यावर वॉलरसचा सुळा, हाड आणि समुद्राने वाहून आणलेलं लाकूड हाच जुना कच्चा माल, त्यामुळे तुमचा समज अगदीच चुकीचा नाही. आव्हाकाना मात्र सांता फेच्या मूलनिवासी कला संस्थेत आणि पुढे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकले. तिथे 1969 मध्ये काचकलाकार डेल चिहुली यांनी काचकामाचा विभाग सुरू केला होता. दगड, लाकूड, ब्राँझ, काच सगळं ते हाताळतात. विषय मात्र घरचेच: मुखवटे, नर्तक, डफासारखं चपटं वाद्य वाजवणारे वादक.

अशा कामांना जागा मिळते त्यामागे कायदाही आहे. 1975 पासून अलास्कात सरकारी इमारतीच्या बांधकाम खर्चातला 1 टक्का (ग्रामीण शाळांसाठी अर्धा) कलेसाठी ठेवावा लागतो. माझ्या मते या नियमाने संग्रहालयांपेक्षा जास्त कलाकार जगवले असतील.

फक्त एक लक्षात ठेवा: अलास्काचं मूलनिवासी काचकाम म्हणून शोधलंत की बहुतेकदा प्रेस्टन सिंगलटरी समोर येतात. ते त्लिंगित, म्हणजे दक्षिणेकडच्या जंगलपट्टीतल्या मूलनिवासी समाजाचे. त्यांची परंपरा वेगळी.